आधी रस्ता घे

चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बफरच्या हद्दीत, एक गाव. नाव सांगत नाही. गोष्टीतलं गाव आहे, त्या रस्त्यावरच्या कोणत्याही गावाला ते शोभेल. तिथल्या एका घरातून दोघं रोज शहराच्या बाजूला कामाला जात. थोरली सून शहरातल्या तुकूममध्ये रक्त तपासणीच्या लॅबमध्ये, धाकटा दीर वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली. सुनेला जायला २२ किलोमीटर, यायला २२. दिराला तीन-चार कमी पडत, पण दुपारी चहाच्या निमित्ताने शहरात चक्कर मारून तो ती तूट भरून काढी. तिचा नवरा बुटीबोरीला कंपनीत. महिन्यातून दोनदा घरी.

रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की त्याचे दोन तुकडे आहेत. तुकूम सोडलं की दुर्गापूर, मग वीज केंद्राच्या चिमण्या, कोळशाचे ट्रक आणि पावसाळ्यात काळा चिखल. पद्मापूरच्या खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर संपले की नाका येतो, आणि तिथून साग-बांबूचं रान. पहिल्या तुकड्यात ट्रकची भीती, दुसऱ्यात वाघाची. खरं तर ही वाटणीही कागदावरचीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरातच, रात्री कामावरून सायकलने घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने मारलं होतं. त्यानंतर या पट्ट्यातल्या घराघरांत ‘सुटी किती वाजता?’ हा प्रश्न पगाराच्या आधी विचारला जाऊ लागला.

सून सकाळी एसटीने जायची. संध्याकाळची एसटी तिची सुटी होण्याच्या आधीच निघून गेलेली असे. मग मिळेल ती जीप, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या तरी मागच्या सीटवर. दिराकडे जुनी पेट्रोलची गाडी होती, आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. तेव्हा घरात बॅटरीच्या गाडीचा विषय निघणं साहजिक होतं.

दिराने गुढीपाडव्याला बार उडवून दिला. लाल रंगाची, बसक्या हँडलची, मोटारसायकलच्या घाटाची गाडी. ‘एका चार्जिंगमध्ये १५० किलोमीटर,’ असं दुकानातल्या पोराने सांगितलं आणि दिराने तिथल्या तिथे भागाकार केला. ‘रोजचे ४४. म्हणजे तिसऱ्या दिवशी चार्ज केली तरी चालते, वहिनी!’ तीन युनिटांची बॅटरी, तीन वर्षांचे हप्ते. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं. गावातली पोरं आठ दिवस गाडीभोवती होती.

सुनेलाही गाडी हवीच होती. ती सासऱ्यांजवळ बसली. सासरे वेकोलिच्या कोळसा खाणीतून पंप खलाशी म्हणून निवृत्त झालेले. खुल्या खाणीत पावसाचं नि जमिनीतलं पाणी साचतं, ते उपसायचं काम त्यांनी हयातभर केलं होतं.

‘मामाजी, मले कोणती गाडी घ्यावं?’

‘मले काय समजते गाडीतलं?’ म्हातारा म्हणाला. ‘खदानीत नवा पंप मागवाचा असला का साहेब पहिले इचारे, पानी किती भरते? किती उंच चढवाचं आहे? पंप किती हॉर्सपॉवरचा, थे मंग. तू आधी रस्ता घे. गाडी मंग घेजो.’

लॅबमध्ये दिवसभर नळ्यांवर नाव, वेळ आणि आकडे लिहिणारी बाई ती. तिने शंभर पानी वही काढली आणि रस्ता लिहायला घेतला. किती वाजता निघालो, नाका किती वाजता ओलांडला, मोबाइलची रेंज कुठे जाते, कुठे येते. खड्डे कुठे, गतिरोधक कुठे. नाक्यानंतर दुकान, घर, हातपंप, माणूस दिसण्याची जागा कुठे आणि मधे किती ओसाड. एक नोंद तर अशी आहे: ‘लॅबमधी फ्रिजच्या बाजूला प्लग रिकामा आहे. डॉक्टरांले विचारणे.’ गाडी घेणाऱ्या किती जणांनी हे आधी विचारलं असेल?

सूर्यास्तासाठी तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. डिसेंबरच्या पानावर सहाची वेळ होती. ती खूश झाली. सासऱ्यांनी पान पाहिलं आणि म्हणाले, ‘हे मुंबईचं आहे बापा. आपल्याकडं दिवस त्याच्या आधीच बुडते.’ म्हातारा बरोबर होता. चंद्रपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसहा रेखांश. सूर्य इथे जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाच वाजून दोन-चार मिनिटं झाली की संपलं. महाराष्ट्र मुंबईच्या घड्याळावर चालतो याची तक्रार विदर्भाने पुष्कळदा केली आहे; सूर्याच्या बाबतीत ती अगदी मिनिटांत मांडता येते.

मग शेजारच्या गावातल्या गुरुजींकडे ती गेली. त्यांच्याकडे बॅटरीची स्कूटर होती. कंपनी किती सांगते, हे तिने विचारलंच नाही. चार्जिंग लावण्याआधी आणि नंतर घरातल्या मीटरचे आकडे टिपून ठेवा, म्हणाली. पंधरा दिवसांनी हिशोब निघाला: किलोमीटरला साधारण ३० वॉट-तास. कंपनीचा आकडा बराच कमी होता, आणि त्यात कंपनी खोटं बोलते असंही नाही. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या नमुन्यात मोजलेला असतो. त्या रोलरवर खड्डे नसतात, समोरून वारा नसतो आणि मागच्या सीटवर तांदळाचं पोतं नसतं.

तिचे ४४ किलोमीटर गुणिले ३० म्हणजे १,३२० वॉट-तास. बॅटरी दर वर्षी थोडी थकते, म्हणून चार-पाच वर्षांनी पाचवा हिस्सा गेला असं धरलं. घरी पोचल्यावर पाचवा हिस्सा शिल्लक राहावा, हेही धरलं. रस्त्यात झाड पडलं, वळसा पडला, तर? उत्तर आलं दोन युनिटांच्या, म्हणजे दोन हजार वॉट-तासांच्या आसपास. तिला दीडशे किलोमीटरची गाडी लागत नव्हती. पन्नासची लागत होती, पण ते पन्नास पाचव्या वर्षी, डिसेंबरात, समोरून वारा असतानासुद्धा मिळायला हवे होते.

दरम्यान एप्रिल-मे आला. चंद्रपूरचा उन्हाळा काय ते महाराष्ट्राला सांगायला नको. पारा ४५ ओलांडतो तेव्हा इथे बातमीसुद्धा होत नाही. दीर दुपारी पत्र्याच्या शेडखाली तापलेली गाडी संध्याकाळी दामटत आणायचा आणि आल्या आल्या चार्जरला लावायचा. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. तापलेली असताना भरली तर ती आतून लवकर झिजते. तास-दीड तास थांबून, रात्रीच्या गारव्यात भरावी. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात ठिकठिकाणी बॅटरीच्या गाड्या पेटल्या, त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. नियम कारखान्यापर्यंत पोचतात. ओसरीवरच्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोचत नाहीत. दिराने चार्जर लावला होता तो टीव्हीच्या पाच अँपिअरच्या सॉकेटवरून ओढलेल्या बारीक वायरीवर. एका रात्री जळका वास आला. सॉकेटचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलं होतं. सासऱ्यांनी मेन स्विच ओढला, आणि दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून मीटरपासून जाड वायर, पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घेतलं. त्या खर्चाचा अर्धा वाटा सुनेने दिला. तिची गाडी यायची होती, पण सॉकेट आला.

या गावात चार्जिंगचं बोलताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. याच रस्त्यावर २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे. पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. खाण इथली, राख इथली. गाडी धूर सोडत नाही हे खरं, पण तिचा धूर कुठून निघतो ते या गावाला गच्चीवरून दिसतं. आणि तरी वादळ आलं, लाइनवर फांदी पडली की रात्रभर अंधार. ‘दिव्याखाली अंधार’ कुणी म्हटलं तर इथे लोक हसत नाहीत.

सून दुकानात गेली ती पितृपक्षात. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. ‘लोकं काय म्हणतीन?’ ती म्हणाली, ‘आत्याबाई, पैसे दसऱ्याले देईन, गाडी दसऱ्याले आणीन. आता फक्त पाहाले जाते. या पंधरा दिवसांत दुकान रिकामं राहते, पोट्टे नीट दाखवतात.’

दुकानदाराने पहिल्यांदा दाखवली ती छोटी गाडी. २५० वॉटची मोटर, वेग २५. ‘ताई, हिला लायसन्स नको, नंबर नको, आरटीओ नको.’ कायदा तसा आहेच. तेवढ्या ताकदीची आणि तेवढ्या वेगाची हलकी गाडी मोटार वाहनात धरत नाहीत. स्वस्तही होती. लायसन्स नसलेल्या बाईला यापेक्षा सोयीचं काय? पण वहीत वेगळं होतं. २२ किलोमीटरला २५ च्या वेगाने पाऊण तासाच्या वर. पाचला निघाली तरी डिसेंबरात रानातला शेवटचा तुकडा अंधारात. दुकानदार जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘एक वायर काढून देतो, चाळीस पळते.’

‘आणि मंग तिले नंबर लागते का नाही?’

दुकानदार गप्प. वायर काढली की ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटार होते, आणि उद्या ट्रकने धक्का दिला तर आपलीच बाजू कमकुवत पडते. तिने शिकाऊ लायसन्स काढायचं ठरवलं. स्वस्त गाडीची उरलेली किंमत अंधारात मोजावी लागते, असं काहीतरी तिने वहीत लिहिलं आणि खोडलं. हिशोबाच्या वहीत असली वाक्यं शोभत नाहीत, तिने बरं केलं.

दुसरी गाडी मधल्या वेगाची, पन्नास-साठ जाणारी. पाटीवर बॅटरीचा आकडा होता. ६० व्होल्ट गुणिले ३४ अँपिअर-अवर. तिने मोबाइलवर गुणाकार केला, २,०४०. वहीत बसत होता. आत कोणती रसायनं, असं विचारल्यावर दुकानदाराने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटवाली. वजनाला जरा जड, पण उन्हाला जास्त टिकते आणि जास्त वेळा भरता येते. आमच्याकडच्या उन्हात हे बघितलंच पाहिजे.

‘चालवून पाहा ना, ताई.’

‘चालवून मंग पाहीन. आधी बंद करा.’

तिने बंद गाडी ढकलत दुकानाबाहेर काढली आणि रस्त्याच्या चढाने वर नेली. चप्पल हातात घेतली, साडीचा पदर खोचला, वळवली, परत आणली. दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. घाम पुसत ती म्हणाली, ‘होते.’ मग बॅटरी काढून दाखवायला लावली, दोन्ही हातांनी उचलली, पायरी चढून पाहिली. शिसं-आम्लाच्या बॅटरीचा जुना संच तिने गुरुजींकडे उचलून पाहिला होता. तो उचलताच येत नव्हता. ही बॅटरी दोन तुकड्यांत निघायची, एकेक हातात. म्हणजे गावात वीज नसली तर सकाळी लॅबमध्ये फ्रिजच्या बाजूच्या प्लगवर. डॉक्टरांनी होकार दिला होता.

आणि डॉक्टरांकडूनच तिने आणखी एक गोष्ट मिळवली. सकाळी अर्धा तास आधी येईन, संध्याकाळी पाचला सोडा. उपाशीपोटीच्या तपासण्यांना माणसं सातपासूनच दारात बसलेली असतात. लॅबचाही फायदा होता. गाडीचा सौदा झाला तो खरा इथे. दुकानातला बाकीचा तपशील होता.

दसऱ्याला करड्या रंगाची ती गाडी दारात आली. हार घातला, लिंबू चिरडलं. पोरं फिरकली नाहीत.

नाक्यापलीकडे एकट्याने जायचं नाही, ही त्या रस्त्याची जुनी रीत. मोह वेचायला, तेंदूपानाला बाया जथ्याने जातात, मोठ्याने बोलत जातात, ते काही गप्पांची हौस म्हणून नाही. आपण येतोय हे जनावराला लांबून कळावं. सुनेने नाक्यावर जोडीदार जमवले: खाणीतल्या कँटीनमधला एक काका जुन्या लुनावर, आणि एक पोरगा बापाच्या खटारा मोटारसायकलवर. पाच वीसला जमायचं, आलेल्यांनी निघायचं, लुनाच्या वेगाने जायचं. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो हे शहरात सुख. रानात ती उणीव. खटारा गाडीचा भडभडाट मागे असला की तिला बरं वाटे.

दिराला हे पटत नसे. ‘वहिनी, साठनं गेलो तर बारा मिनिटांत घर. वाघाले दिसाच्या आधी मी निघून जातो.’ उन्हाळ्यात त्याला कळून चुकलं होतं की दीडशे मिळत नाहीत; नव्वद-ब्याण्णव मिळतात. म्हणून तो एक दिवसाआड चार्ज करायचा. दोन दिवसांचे ८८. चार किलोमीटर शिल्लक! हे गणित त्याला पुरेसं वाटे.

डिसेंबरात थंडी पडली. पहाटे अंगणातली बॅटरी गारठलेली, उन्हाळाभर तापून झिजलेली, आणि हात तसाच मुठीवर पिळलेला. तो चार्जिंगनंतरचा दुसरा दिवस होता. नाक्यावर जमलेल्या तिघांना हात करून तो पुढे निघून गेला.

तीन-चार किलोमीटरवर वळण आहे. वळण घेतलं आणि समोर रस्त्याच्या मधोमध वाघीण बसलेली. पंधरा-वीस पावलांवर. तिला हा आलेला कळला नव्हता, याला ती बसलेली कळली नव्हती. दोघंही सारखेच चकित. त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली. वाघीण उठली नाही. मान वळवून बघत राहिली. शेपटीचं टोक तेवढं डांबरावर आपटत होतं.

वळून पळावं तर पाठ दाखवावी लागते. उतरावं तर त्याहून वाईट. त्याने खाली पाहिलं, तर स्क्रीनवर ६ टक्के. गाव ८ किलोमीटर. मोबाइलला रेंज नाही; वहिनीच्या वहीत ही जागा लिहिलेली होती, त्याने वही कधी उघडली नव्हती. हळूहळू पायांनी गाडी मागे रेटत तो एकेक वीत सरकत राहिला. किती वेळ गेला हे तो पुढे दर वेळी वेगळं सांगायचा.

मग मागून भडभडाट ऐकू आला. त्यावर काकांचा आवाज, मिरचीच्या भावाबद्दल, नेहमीसारखा मोठ्याने. तिघं वळणावर आली, चित्र पाहिलं आणि थांबली. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी मोबाइल काढला नाही. इंजिन चालू ठेवून, गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. दीर मागे सरकत सरकत त्यांच्यात आला. काका बोलायचे थांबलेच नाहीत. वाघीण उठली, अंग ताणलं, आणि बांबूत शिरली. माणसांना घाबरून गेली, असं कुणी समजू नये. तिची वेळ झाली होती.

‘चला,’ सून म्हणाली. ‘तुम्ही मधात राहा, भाऊजी.’

‘वहिनी, सहाच टक्के आहेत. पोचत नाही मी.’

‘लुनाच्या मागं या. पोचते.’

तो पोचला. पंचवीस-तीसच्या वर मूठ न पिळता. साठच्या वेगाला वारा कापायला जेवढी ताकद जाते, तेवढी त्या वेगाला लागतच नाही. त्याच सहा टक्क्यांवर, साठने गेला असता तर निम्म्या वाटेत बंद पडला असता. दारात आला तेव्हा स्क्रीनवर एक टक्का होता, आणि अंगात ताप. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. सासरे काही बोलले नाहीत. सुनेने बॅटरी गार व्हायला ठेवली आणि भात लावला.

दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर चार गाड्या जमू लागल्या. लाल गाडीचे हप्ते अजून चालूच आहेत.

गावात मात्र गोष्ट वेगळी पसरली. वहिनीची गाडी वाघाला चालते, असं काहीतरी. वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकाला जाणारी एक शेजारीण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली आणि वाण हातात घेता घेता म्हणाली, ‘बाई, मलेही तीच कंपनीची घ्याची आहे. बचत गटातून कर्ज देतो म्हणतात.’

सुनेने तिला कंपनीचं नाव सांगितलं नाही. कपाटातून नवी वही काढून दिली. ‘पंधरा दिवस लिही. मंग दोघी मिळून पाहू.’

शेजारणीला लिहायचा सराव कमी. तिच्या शाळकरी मुलीने लिहून दिलं. पंधरा दिवसांनी दोघी वही घेऊन बसल्या. मालकीण साडेचारला सोडायला तयार होती, फक्त तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. साडेचारला सुटली तर संध्याकाळची एसटी सापडत होती. आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे.

शेजारणीने गाडी घेतली नाही. कर्जाचा अर्ज मागे घेतला, तेव्हा गटाच्या अध्यक्षीण तिच्यावर जरा रागावल्या.